डाव्या बाजूचं ऊन

माझ्या गाडीला आमच्या गल्लीत वांगं म्हणतात. गाडी पांढरी आहे, पण काचांवरची फिल्म अशी जांभळी पडलीय की लांबून आधी काचाच दिसतात. "आलं बघा तेंचाचं वांगं," म्हणून शेजारीण कुंपणापाशी उभी राहून हसते. तेंचा म्हणजे मी. हसू दे. ट्यूसॉनच्या या वाळवंटी उन्हात अर्ध्या गावाच्या काचा जांभळ्या आहेत. पण त्यांच्यातल्या कुणाच्या नवऱ्याचं गाड्यांना काळी फिल्म लावायचं दुकान नाही. माझ्या नवऱ्याचं आहे. बाविसाव्या रस्त्यावर, टायरवाल्याला लागून, भली मोठी पाटी आहे: एवारिस्तो, आयुष्यभराची गॅरंटी. कुणाच्या आयुष्यभराची, ते मात्र पाटीवर लिहिलेलं नाही.

आणि इतकी वर्षं मी काय समजत होते, तर ही फिल्म मीच खराब केली.

आमच्या लेकीला, येसेनियाला पंधरा पूर्ण झाली, तेव्हाची गोष्ट. पंधराव्याचा सोहळा म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या वरताण. प्रार्थना, गाऊन, बाजा, हॉल, वर्षभर त्याचीच धावपळ. येसेनियाची धर्ममाता केता. पोरीच्या बाप्तिस्म्यापासून ती माझी कोमाद्रे, म्हणजे मानलेली बहीणच, आणि मी तिची. त्या दिवशी पोरीला चर्चला आणायचा मान तिचा, तिच्या नव्या गाडीतून. म्हणून एवारिस्तोने आदल्या आठवड्यात दुकान दोन दिवस बंद ठेवलं आणि दोन गाड्या केल्या. आधी केताची, मग माझी. केताने किती सांगितलं तरी तिच्याकडून काही घेतलं नाही. म्हणाला, "कोमाद्रे, ही माझी भेट." चर्चसमोर दोन्ही गाड्या एकीमागे एक उभ्या होत्या, काळ्याभोर काचांच्या. मी माझ्या गाऊनचा घेर सांभाळत उतरले तेव्हा मला काय अभिमान वाटला होता म्हणून सांगू.

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या काचा तपकिरी झाल्या. मग जांभळ्या. मग मागच्या काचेला फोड आले, तव्यावरच्या तोर्तियाच्या पोळीला येतात तसे. मी एवारिस्तोला बोलावून दाखवलं. तो काचेपाशी उभा राहिला, नखाने कोपरा खरवडला आणि म्हणाला, "कशाने पुसतेस तू हिला?"

"कशाने म्हणजे? त्या निळ्या बाटलीने. काच पुसायची असते ती."

त्याने कपाळाला हात लावला. "अगं म्हातारे, अमोनिया असतो त्यात. खलास केलीस की फिल्म."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याने इतकं खपून लावलेली फिल्म, आणि मी बावळटासारखी तिच्यावर विष फवारत बसले. ती बाटली मी त्याच दिवशी फेकून दिली. तेव्हापासून लहान बाळांचा साबण आणि एवारिस्तोचे जुने बनियन, बाकी काही त्या काचांना लावलं नाही. दुकानात तो ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगायचा. "माझ्या बायकोसारखं करू नका हं," म्हणायचा, आणि लोक हसायचे. मी त्याला डबा द्यायला गेले असले तर मीही हसायचे. चूक माझीच होती ना.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी तोर्तियाच्या कारखान्यातून माल भरते आणि दक्षिणेला सीमेपर्यंतच्या खानावळींना पोचवते. स्वतःच्या गाडीने. सकाळी खाली जाते तेव्हा सूर्य पूर्वेला, म्हणजे माझ्या डाव्या हाताला; इकडे चालवणाऱ्याची सीटही डावीकडेच, खिडकीला लागून. सगळा माल टाकून दुपारी वर येते तेव्हा तो पश्चिमेला गेलेला, म्हणजे परत डाव्याच हाताला. कधी लक्षातही आलं नव्हतं माझ्या. ते डॉक्टरणीने दाखवून दिलं.

डाव्या गालावर, डोळ्याखाली, एक खरखरीत डाग आला होता. खपली धरायचा, पडायचा, पुन्हा यायचा. मी त्यावर कोरफड चोळत होते. शेवटी येसेनिया फिनिक्सहून आली आणि मला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण तरुण होती, बोलायला स्पष्ट. तिने माझ्या हातात आरसा दिला.

"आधी उजवा गाल बघा. आता डावा. दोन वेगळ्या बायकांचे वाटतात की नाही?"

खरंच वाटत होते. उजवा माझा होता. डावा माझ्या आईचा, तिच्या शेवटच्या वर्षांतला.

"दिवसभर गाडी चालवता ना? काचेला फिल्म आहे?"

"आहे. जुनी आहे. जांभळी झालीय."

"मग ती नसल्यात जमा. रंग गेला की ऊन अडवणंही जातं तिचं. हे आज मी कापून काढते, पण पुन्हा आलं तर खोल जावं लागेल, आणि डोळा जवळ आहे. आधी फिल्म बदलून घ्या. उद्या नको, आजच."

"माझा नवरा हाच धंदा करतो," मी म्हटलं.

"मग काय, नशीबवान आहात," ती म्हणाली, आणि सुई घेऊन आली.

घरी आले तेव्हा गालावर ही एवढी पट्टी. एवारिस्तो घाबरला. खोटं कशाला बोलू, मनापासून घाबरला. त्याने स्वतः कोंबडीचं सार केलं, मला भरवायला बसला. मी डॉक्टरीण काय म्हणाली ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लावतो की. एवढा सीझन जाऊ दे, दारात रांग लागलीय." उन्हाळ्यात त्याच्या दुकानात रांग असतेच, म्हणून मीही थांबले. उन्हाळा गेला. मग एक माणूस काम सोडून गेला. मग एवारिस्तोची पाठ धरली. मी पुन्हा आठवण करून दिली तर हसून म्हणाला, "लावीन गं, पण तू परत ती निळी बाटली आणशील त्याचं काय?"

मी डाव्या काचेत टॉवेल अडकवून गाडी चालवायला लागले. खानावळवाले विचारायचे, "तेंचा, गाडीत अंघोळ करतेस का?" मीही म्हणायचे, हो, पाठ चोळायला ये. चेष्टेवारी नेत होते, पण रोज रात्री झोपताना बोटाने गाल चाचपून बघत होते. पुन्हा आलं तर डोळा जवळ आहे, एवढंच डोक्यात.

गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर केताकडे जेवायला गेलो होतो. एवारिस्तो आणि केताचा नवरा नाबोर पाव आणायला गेले. चुलीवर मेनुदो, वजडीचा रस्सा, रटरटत होता. केता म्हणाली, "तेवढ्यात मी गाडी पुसून घेते," आणि आतून बाटली घेऊन आली. तीच. निळी. चालकाच्या बाजूचं दार उघडून तिने आतून काचेवर फस्स फस्स मारली आणि वर्तमानपत्राच्या बोळ्याने खसाखसा घासायला लागली.

"अगं कोमाद्रे, काय करतेस? फिल्म जाईल."

"कुठे जातेय? जायची असती तर केव्हाच गेली असती."

"कधीपासून वापरतेस तू ही?"

"पहिल्या दिवसापासून. नाबोर गाडीत सिगारेटी फुंकतो, तो थर काय साध्या पाण्याने निघतो होय? मी विचारलं होतं एवारिस्तोला, चालेल का म्हणून. तो म्हणाला, कोमाद्रे, वाटेल त्याने पुसा, ही वरच्या फळीवरची आहे. ही तुमच्या आधी मरायची नाही." आणि केता खदाखदा हसली. "म्हटलं मेल्या, म्हणजे मी मरायची वाट बघतोयस की काय."

मी जवळ जाऊन बघितलं. काच काळीभोर, गुळगुळीत, एक फोड नाही. खालच्या कोपऱ्यात एवारिस्तोची खूण, नखाच्या चंद्राएवढा गोल काप. त्याच्या हाताच्या प्रत्येक कामाला तो असतो. माझ्या गाडीलाही आहे. तोच हात, तोच आठवडा, तेच गाव, तेच ऊन.

केताचा हात थांबला. तिने माझ्या गालाकडे बघितलं, मग फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे.

"तेंचा, तुझ्या गाडीला वेगळी लावली होती का गं त्याने?"

"वेगळी कशाला लावेल? माझी मी खराब केली."

इतकी वर्षं हे वाक्य मी बोलत आले होते. ते खोटं आहे हे माहीत असताना पहिल्यांदाच बोलले. केताने बाटली खाली ठेवली आणि म्हणाली, "चल, बस, गरम आहे तोवर खा." मी बसले. खाल्लं. पुरुष आले, हसणं-खिदळणं झालं. तोंडाला चव म्हणून नव्हती.

एक घाणेरडी शंका माझ्याही मनात येऊन गेली, नाही असं नाही. केता आणि हा. पण मी दोघांनाही ओळखते. आणि खरं सांगू, तसं काही असतं तर फार सोपं झालं असतं. दोघांना चार शिव्या हासडल्या असत्या, गावभर रडले असते आणि मोकळी झाले असते.

सोमवारी माल टाकून परत येताना मी घरी न जाता दुकानात गेले. एक तरुण पोरगा नवी गाडी घेऊन आला होता. एवारिस्तोची पाठ माझ्याकडे होती. त्याने नेहमीचा खेळ मांडला होता, दोन काचांचे तुकडे आणि मागे तापलेला दिवा. गिऱ्हाइकाने आधी एका काचेमागे हात धरायचा, मग दुसऱ्या.

"बघा, हिच्यातून चटका बसतो. ही नुसती रंगवलेली. नवी असताना दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून तर लोक फसतात. पण आपल्याकडच्या उन्हात ही दोन वर्षं, फार तर तीन. मग जांभळी. ही दुसरी सिरॅमिकची, दहा वर्षं हिला काही बघायला नको."

"आणि स्वस्तातली नीट जपली तर?" पोराने विचारलं. "साबणाने वगैरे पुसली तर?"

"जपा नाहीतर घरात नेऊन देवापुढे ठेवा. रंग आहे तो, ऊन खाणारच."

"तुमच्या घरच्या गाडीला कुठली आहे?"

"सिरॅमिक की. एकदम वरची. पण माझ्या बायकोने काय केलं, निळ्या बाटलीने..."

"पुसली," मी म्हटलं. "सांग ना पुढे. मलाही ऐकायचंय."

तो वळला. माझ्याकडे बघून त्याने आधी हसायचा प्रयत्न केला, मग दिवा बंद केला. तो पोरगा शहाणा निघाला. "मी उद्या येतो," म्हणाला आणि गेला.

"माझ्या गाडीला वरच्या फळीवरची होती?"

"कोण काय म्हणालं तुला?"

"कुणी काही म्हणालं नाही. मी केताची गाडी बघितली."

तो स्टुलावर बसला. हातातली पाणी ओढायची रबरी पट्टी पुसत बसला, कोरडीच होती ती. "अगं, त्या आठवड्यात चांगला एकच रोल उरला होता. कोमाद्रेला द्यायची भेट. पोरीला चर्चला घेऊन येणारी गाडी. तिला हलकी लावली असती आणि दोन वर्षांत जांभळी पडली असती, तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली असती का मला?"

"आणि माझी?"

"तुझी घरातली गाडी. म्हटलं आत्ता लावू तात्पुरती, मग बदलू. मग राहून गेलं."

"राहून गेलं, ठीक आहे. माणसाचं राहून जातं. ती बाटली का मधे आणलीस?"

तो पट्टी पुन्हा पुसायला लागला.

"मी विचारतेय, एवारिस्तो. बाटली का आणलीस?"

"तू सारखी विचारायचीस. काहीतरी सांगायला हवं होतं."

"आणि मग गिऱ्हाइकांना?"

"एकदा सांगितलं की तेच सांगत राहावं लागतं. आणि लोक हसायचे."

"मी पण हसायचे," मी म्हटलं. माझा आवाज चढला नव्हता, मलाच आश्चर्य वाटत होतं. "गालाला टाके पडले, मी घरी आले, तू सार केलंस. तेव्हा सांगता आलं नाही? टॉवेल लावून गाडी हाकत होते मी."

"तेव्हा तर आणखीच अवघड होतं."

"मी गिऱ्हाईक असते तर अशी लावली असतीस?"

"गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी. गिऱ्हाईक परत येतं, दारात उभं राहून तमाशा करतं, चारचौघांत नाव घालवतं. तू कुठे जाणार होतीस?"

हे तो रागाने म्हणाला असता तर मी समजले असते. टोचायला म्हणाला असता तरी चाललं असतं. तो अगदी साधेपणाने म्हणाला, डिंक वाळायला किती वेळ लागतो ते सांगावं तसा. त्याला त्यात लागण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

"पाटीवर गॅरंटी लिहिलीय," मी म्हटलं. "उद्या सकाळी गाडी घेऊन येते. लाव."

मंगळवारी मी कामाला गेले नाही. गाडी आत घातली आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसून राहिले. माझी पिशवी मी त्याच्या ऑफिसात टेबलाखाली ठेवली होती. त्याने बघितलीही नाही. वाफ मारून त्याने जुनी फिल्म सैल केली, काही ठिकाणी ती सालीसारखी निघाली, मागच्या काचेवर मात्र डिंक तसाच राहिला आणि त्याला पात्याने तासतासभर खरवडत बसावं लागलं. फरशीवर जांभळ्या चिंध्यांचा ढीग झाला. मग शिडी घेऊन त्याने वरच्या फळीवरून नवा खोका काढला, माझ्यासमोर फोडला. मी बघतेय की नाही, हे दोनदा वळून बघितलं.

त्याचे हात चांगले आहेत, हे सांगायलाच हवं. काचेवर पाणी शिंपडून फिल्म अशी अलगद सोडतो, पट्टीने पाणी असं ओढतो की बघत राहावं. लग्नाआधी मी त्याच्या त्या हातांवरच भाळले होते. त्या दिवशीही ते तसेच चालत होते. कोपऱ्यात गोल काप घेतला, बोट फिरवून बघितलं. इतकं सगळं येत होतं, हाताशी होतं, आणि त्यातलं काही माझ्या वाट्याला यावं असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं.

शेवटी त्याने काच खाली करायच्या बटणांवर लाल स्टिकर चिकटवला. सगळ्यांच्याच गाडीत चिकटवतो: फिल्म ओली आहे, चार दिवस काच उघडू नका.

"झालं मनासारखं?" हात पुसत तो म्हणाला. खूष होता. त्याच्या लेखी भांडण मिटलं होतं. "आता तू म्हातारी होशील, ही व्हायची नाही. संध्याकाळी काय करतेस जेवायला?"

मी ऑफिसातून पिशवी आणली आणि मागच्या सीटवर ठेवली.

"हे काय?"

"एलोदियाकडे जातेय." एलोदिया माझी धाकटी बहीण, इथून तीन-चार तासांवर डेमिंगला असते. कित्येक वर्षं ये ये म्हणतेय.

"किती दिवस?"

"ठरवलं नाही."

"आणि माल कोण टाकणार? तेंचा, एवढ्याशा फिल्मसाठी..."

मी आत बसले, दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि गाडी मागे घेत उन्हात काढली. तो बरोबरीने चालत आला. आतून मला तो स्वच्छ दिसत होता, हनुवटीवर चिकटलेल्या डिंकाच्या ठिपक्यासकट. त्याला मात्र मी दिसत नसणार. तो डोळ्यांवर आडवा हात धरून काचेत बघत होता, आणि काचेत त्याचं स्वतःचं तोंड आणि मागची पाटी असणार. ओठ हलत होते. काच खाली कर, अशी त्याने खूण केली. मी स्टिकरवर बोट ठेवलं, मग लक्षात आलं की त्याला तेही दिसत नाही.

मग त्याने बोटाच्या पेराने काच वाजवली. एकदा, आणि दुसऱ्यांदा जरा जोरात. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तो मधेच थांबला. फिल्म ओली आहे हे त्याला आठवलं. धक्क्याने हलली तर कोपरा सुटतो. त्याने हात खाली घेतला आणि एक पाऊल मागे सरला.

मी थोडा वेळ वाट बघितली. दाराचं हँडल ओढेल, गाडीपुढे उभा राहील, काहीतरी करेल, असं वाटत होतं मला. तो कोपऱ्यातला काप नीट बसलाय का, ते वाकून बघत होता.

मी निघाले. डेमिंग पूर्वेला आहे, त्यामुळे दुपारचं ऊन सगळं पाठीमागून येत होतं. डावा गाल सवयीने हाताने झाकायला गेले, आणि हात परत स्टिअरिंगवर ठेवला.